इंदूरला फिरायला येताय आणि पोरगं बाहेरचं काहीच खात नाही? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर मे महिन्यात आणि दिवाळीनंतर आमच्याकडे पुण्या-नाशिकची माणसं येतात. प्लॅन ठरलेला असतो, दोन दिवस इंदूर, एक दिवस उज्जैन, एक दिवस ओंकारेश्वर-महेश्वर, आणि निघायच्या आधी फोनवर येणारे प्रश्नही ठरलेलेच असतात. ताई, तिकडे सगळं तिखट असतं ना, आमची काय खाईल? माझा धाकटा स्वतः आठ वर्षांचा होईपर्यंत मोजून पाच-सहा पदार्थ खायचा, त्यामुळे हॉटेलच्या टेबलावर काय काय होतं ते मी सगळं बघितलंय. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

मुलगा ५ वर्षांचा आहे, वरण-भात, पोळी-साखर आणि केळं सोडून काही खात नाही. मग बाहेर जेवायला न्यावं की नाही?

न्या, बिनधास्त न्या. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नवीन पदार्थाला घाबरणं हे अगदी नॉर्मल आहे, बऱ्याच मुलांमध्ये असतं आणि वयाप्रमाणे कमी होत जातं. एखादा नवीन पदार्थ मूल स्वीकारायच्या आधी तो दहा-पंधरा वेळा तरी ताटात दिसावा लागतो, कधी त्याहून जास्त. आता तुम्हीच बघा, चार दिवसांच्या ट्रिपमध्ये एक पदार्थ पंधरा वेळा कुठून दिसणार? म्हणून खायला शिकवायचं काम घरी, रोजच्या जेवणात करायचं. ट्रिपमध्ये एवढंच बघायचं की पोराचं पोट भरतंय आणि टेबलावर बसायची त्याला भीती वाटत नाहीये. मी हे फार उशिरा समजले, पहिल्या तीन-चार ट्रिपा मी त्याला पनीर खायला लावण्यात घालवल्या आणि त्याला त्या ट्रिपांमधलं आज काही आठवत नाही, फक्त मी ओरडले ते आठवतं.

हॉटेलात साधं वरण-भात मिळतं का? मेनूत तर नसतं.

मेनूत नसतं पण किचनमध्ये असतं. बहुतेक हॉटेलांत तुरीची डाळ सकाळीच उकडून ठेवलेली असते आणि ऑर्डर आली की तिला तडका देतात. म्हणजे दाल फ्राय काय नि दाल तडका काय, मुळात तीच उकडलेली डाळ. तडक्याच्या आधी आपल्याला हवी एवढंच सांगायचं. पण 'सादी दाल' म्हटलं तर वेटर लाल मिरचीशिवाय दाल फ्राय आणून देतो, त्यात कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळं असतं आणि पोरगं ते हिरवं बघूनच तोंड फिरवतं. म्हणून पूर्ण वाक्य सांगा, इंदूरच्या हिंदीत, असं: "भैया, उबली हुई दाल, बस हल्दी-नमक, तड़का नहीं, धनिया नहीं, ऊपर से घी।" सोबत स्टीम राईस, जीरा राईस नको, कारण जिऱ्याचे दाणे वेचत बसणारी मुलं असतात, आमच्याकडे होता एक. लिंबाची फोड मागा. मेतकुटाची छोटी डबी पर्समध्ये ठेवा. झालं की वरण-भात!

पोळीचंही असंच. तंदुरी रोटी गरम असताना ठीक, पण पाच मिनिटांत ती चामड्यासारखी होते आणि लहान मुलाला चावत नाही, मग आपण म्हणतो खात नाही. तवा रोटी मागा, एकावेळी एकच.

'कम तीखा' सांगितलं तरी तिखटच येतं. असं का?

कारण मिरची आधीच पडलेली असते. पंजाबी भाज्यांच्या ग्रेव्ह्या हॉटेलात सकाळी मोठ्या पातेल्यात तयार होतात, लाल, पिवळी, पांढरी वगैरे, आणि ऑर्डर आल्यावर त्यात पनीर किंवा भाजी घालून पाच मिनिटांत उकळून देतात. लाल ग्रेव्हीत मिरची मुरलेली असते, ती वेटर काय काढणार, फार तर वरून क्रीम घालेल. काजूची पांढरी ग्रेव्ही त्यातल्या त्यात सौम्य आणि थोडी गोडसर, मुलांसाठी मागवायची असेल तर ती.

इंदूरच्या रस्त्यावरच्या खाण्यालाही मी हाच नियम लावते: मसाला आत आहे की वरून आहे? वरून असेल तर थांबवता येतो. गराडू, म्हणजे थंडीत मिळणारा तळलेला कंद, त्यावर मसाला आणि लिंबू शेवटी मारतात, म्हणून आधीच सांगा की मसाला नको, मुलाला तो जाड फ्रेंच फ्राईसारखाच लागतो. दहीवड्यावरचा मसालाही वरूनच. पोह्यांवर जीरावन (इंदूरचा भुरभुरायचा मसाला) आणि शेव वरून, फक्त पोह्यात हिरव्या मिरचीचे तुकडे असतात ते काढायचे. साबुदाण्याची खिचडी सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गिऱ्हाइकासमोर मसाला घालून कालवून देतात, तर तिथेही सांगता येतं. पण कचोरीत मसाला आत असतो, तिथे कितीही सांगून उपयोग नाही. भुट्टे का कीसही तसाच. मक्याचं कणीस किसून दुधात शिजवतात, मऊ आणि गोडसर असतो, मुलांना आवडू शकतो, पण मिरची आतच शिजलेली असते आणि ती प्रत्येक कढईत वेगळी, म्हणून आधी आपण एक चमचा खाऊन बघायचा. दाल-बाफले मात्र लहान मुलांसाठी सोन्यासारखे. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, तो आधी पाण्यात उकडून मग भाजतात त्यामुळे आतून मऊ असतो, तुपात कुस्करून वर थोडी साखर घातली की दोन वर्षांचं मूलही खातं, डाळ मोठ्यांना राहू दे.

आणि तिखट लागलंच तर पाणी देऊ नका. तिखटपणा देणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं. दूध किंवा दही द्या, नाहीतर चिमूटभर साखर. म्हणून कुठेही बसलं की पहिली ऑर्डर एक वाटी साधं दही. हे मी माझ्या जाऊबाईंनाही शिकवलंय.

सराफ्याला लहान मुलांना न्यावं का?

सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार, दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात, म्हणजे रात्री साडेआठ-नऊच्या पुढे, आणि खरी रंगत दहानंतर. पाच वर्षांचं मूल तोवर पेंगुळलेलं असतं, गर्दी, धूर, धक्के, बसायला जागा नाही. त्या वेळी 'खा ना, एवढं प्रसिद्ध आहे' म्हणून काही होत नाही, ते रडतं आणि सगळ्यांचा मूड जातो. आमचा नियम असा की सराफ्याला जायच्या दिवशी मुलांना साडेसातला घरी किंवा मुक्कामाच्या हॉटेलात पोटभर वरण-भात, दुपारी सक्तीची झोप, आणि सराफ्यात त्यांनी फक्त बघायचं. बघण्यासारखं खूप आहे हो. जोशींकडे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात, केवढा तरी मोठा जलेबा तळतात. पोट भरलेलं मूल हे सगळं आनंदाने बघतं आणि बघता बघता कधी कधी स्वतःच म्हणतं मला पण थोडा. नाही म्हणालं तरी ठीक. शनिवार-रविवार टाळा, एवढंच.

मग छप्पन दुकान?

खाण्याचे नखरे असलेल्या फॅमिलीला मी पहिलं तिथेच पाठवते. न्यू पलासियात ५६ दुकानांची रांग आहे म्हणून छप्पन. आता तिथे गाड्या आत येत नाहीत, बसायला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला वेगळ्या दुकानातलं घेऊन एकत्र बसता येतं. एका टेबलावर एका मेनूतून दहा जणांचं जमवण्यापेक्षा हे फार सोपं. बाबांना कचोरी, आजीला इडली, पोराला साधं सँडविच. जॉनीचा हॉट डॉग म्हणजे बाहेरच्या मुलांना वाटतो तसा सॉसेजवाला नसतो, व्हेजमध्ये बनात टिक्की असते, आधी सांगून ठेवा नाहीतर मुलाला वेगळंच काहीतरी आलं असं वाटतं आणि नाखूश मूल मग बनही खात नाही. सकाळी गेलात तर गर्दी कमी आणि पोहे ताजे.

नवीन पदार्थ निदान चाखून तरी बघावा, त्यासाठी काय करायचं?

आपल्या ताटाची पद्धत आठवा. डावीकडे मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, हे सगळं बोटभर, चाखायला. उजवीकडे भाजी-आमटी, पोट भरायला. माझ्या सासूबाई नवीन काही केलं की मुलांच्या ताटात ते डावीकडे वाढायच्या, चटणीएवढं, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. चटणी खाल्लीच पाहिजे असं कोणी म्हणतं का? तसंच. मुलाने बोट लावलं तर लावलं, वास घेतला तर घेतला, तसंच राहिलं तर ताट उचलताना गेलं. हॉटेलातही हे करता येतं. उजवीकडे त्याचा ओळखीचा दही-भात, आणि आपल्या भाजीतला नखाएवढा पनीरचा तुकडा डावीकडे. माझ्या धाकट्याने अशा डाव्या बाजूवरूनच पहिल्यांदा बाफला उचलला, आणि तो उचलला कधी ते आम्हाला कळलंही नाही कारण कोणी बघत नव्हतं.

बघत नव्हतं हे महत्त्वाचं. काय, कधी, कुठे वाढायचं ते आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते त्याने.

सोबतचे नातेवाईक टोमणे मारतात, त्यांचं काय करायचं?

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, मूल आणि जेवण हा त्याच्यानंतरचा. चौदा माणसांचं टेबल, आणि पहिलं ताट आलं की सुरू, अगं एवढंच खातो? आमच्या वेळी असले लाड नव्हते. आण इकडे, मी भरवतो बघ कसा खात नाही ते. मुलगा सहा वर्षांचा असताना एका मोठ्या हॉटेलात आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी प्रेमानेच, खरंच प्रेमानेच, त्याच्या तोंडात पनीरचा तुकडा कोंबला आणि त्याने तिथेच उलटी केली. सगळं टेबल गप्प. त्यानंतर दीड-दोन वर्षं तो हॉटेलच्या दारातच माझा पदर धरून उभा राहायचा. मला आजही ते दार आठवलं की वाईट वाटतं की मी त्या वेळी उठून मध्ये का पडले नाही, मोठ्यांचा मान म्हणून गप्प बसले.

तर आता मी काय करते ते सांगते. टेबलावर बसल्यावर बोललं तर भांडण होतं, म्हणून घरून निघायच्या आधीच, मूल जवळ नसताना, मोठ्यांना सांगते. "काका, आज त्याच्या खाण्याबद्दल कोणीच काही बोलायचं नाही असं ठरवलंय, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे ऐकतात, आणि आमच्या डॉक्टरांनी ते खरंच सांगितलं होतं. दुसरं म्हणजे मुलाला माझ्या आणि त्याच्या बाबांच्या मध्ये बसवते. तिसरं, कौतुकही नको. 'अरे वा, बघा बघा, खाल्लं त्याने!' म्हणून टाळ्या वाजवल्या की मूल लाजतं आणि दुसरा घास घेत नाही. आजीला काही करायचंच असेल तर तिला गोष्ट सांगायला सांगा.

दिवसभर नीट असतो, पण रात्रीच्या जेवणाला एक घास खात नाही.

दिवसभरात काय काय पोटात गेलं ते लिहून काढा एकदा. सकाळी पोहे-जिलबी, अकराला चिप्स, चारला आईस्क्रीम, साडेपाचला शिकंजी. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नाही बरं का, दुधाची, घट्ट, सुकामेवा घातलेली, एक ग्लास म्हणजे लहान मुलाचं अख्खं जेवणच. मग साडेआठला तो कसा जेवणार? त्याला भूक नाही. जेवणाच्या दोन-अडीच तास आधी पाण्याशिवाय काही देऊ नका, आणि ट्रिपमध्येही जेवायची वेळ शक्यतो घरचीच ठेवा. सातला हॉटेल उघडलं की आत शिरा, तेव्हा टेबल रिकामं असतं, किचनही मोकळं असतं आणि वेटर आपलं वाक्य पूर्ण ऐकतो.

ऑर्डर यायला अर्धा तास लागतो, तोवर तो वैतागतो. मोबाईल द्यावा का?

मुलांची ऑर्डर बसल्या बसल्या द्या, मेनू उघडायच्याही आधी, मोठ्यांचं नंतर ठरवा. वेटरला सांगा मुलांचं तयार झालं की लगेच आणा. मोबाईलबद्दल माझं मत, वाट बघताना चालेल, ताट आलं की बंद. मोबाईल बघत जेवलेल्या मुलाला आपण काय खाल्लं आणि पोट भरलं का ते कळत नाही, तोंडात घास धरून बसतो. आम्ही कागदी नॅपकिनवर फुली-गोळा खेळायचो, त्यासाठी पर्समध्ये एक पेन पुरतं.

'भाजी खाल्लीस तर गुलाबजाम' असं सांगावं का?

नको. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आणि गुलाबजाम हे बक्षीस. आपल्या पंगतीत गोड शेवटी कुठे येतं, ते जेवणासोबतच ताटात असतं. हॉटेलातही एक गुलाबजाम मागवा, छोटासा, जेवणासोबतच ताटात ठेवा, आणि परत मागितलं तर आज एवढंच असं सांगा. पहिल्या दिवशी तो आधी गोडच संपवेल. संपवू दे.

घरचा डबा हॉटेलात चालतो का?

अगदी लहान बाळाच्या खाण्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, बाकी विचारून घ्या, आपण चार जणांचं जेवण मागवतोय म्हटल्यावर बरेच जण हो म्हणतात. मी दशम्या नेते. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आणि आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला हेच न्यायच्या. सोबत गूळ-तूप, दाण्याची कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. मे महिन्यात दही-भात मात्र गाडीत नेऊ नका, आंबतो.

उज्जैन आणि ओंकारेश्वरच्या दिवशी जेवणाचं कसं जमवायचं?

उज्जैन इथून साधारण ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर ७५-८०. दर्शनाची रांग किती वेळ घेईल सांगता येत नाही, म्हणून मुलाचं पोट भरूनच रांगेत उभं राहा. नंतर जेवू म्हणाल तर दोन वाजतात आणि भुकेने चिडलेलं मूल त्याचा आवडता पदार्थही फेकून देतं. वाटेतल्या ढाब्यावर गरम तवा रोटी, दही आणि साखर हे कुठेही मिळतं, त्यावर एक वेळ निभते. महेश्वरला घाटावर बसून डबा खाल्ला तर हॉटेलची गरजच नाही, नर्मदा समोर, वारा, मुलं तिथे घरच्यापेक्षा जास्त जेवतात असा माझा अनुभव.

मुलं ठीक आहेत, पण आमचे आजोबाच काही खात नाहीत!

कांदा-लसूण चालत नसेल तर 'जैन' हा शब्द वापरा. इंदूरमध्ये जैन वस्ती मोठी आहे, त्यामुळे किचनला तो बरोबर कळतो, 'बिना प्याज-लहसुन' म्हटल्यावर कधी कधी तीच ग्रेव्ही येते. फक्त जैनमध्ये बटाटाही नसतो हे लक्षात ठेवा. आत्यांचा उपास असेल तर 'फरियाली' विचारा, आणि खिचडीवर शेव घालू नका असं आवर्जून सांगा, शेव बेसनाची असते आणि दुकानदार सवयीने टाकतो. दातांचा त्रास असेल तर बाफला आणि डाळ. आजोबांनाही टेबलावर सगळ्यांसमोर आग्रह नको, जे मुलाला लागू तेच त्यांना.

शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, काय काळजी घ्यायची?

हा नखरा नाही, इथे 'थोडं चाखून बघ' अजिबात नको. साबुदाण्याच्या खिचडीत दाणे असतातच, चाट आणि ग्रेव्हीतही असू शकतात, आणि ठेल्यावर सगळ्याला एकच झारा असतो, म्हणून अशा मुलाला ठेल्यावरचं देऊच नका. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे १० किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूत ॲलर्जीची माहिती द्यायची असते, ती मागून बघा. औषध गाडीत नको, अंगावरच्या पर्समध्ये हवं.

चार दिवस नुसते फ्राईज आणि नूडल्स खाल्ले तर?

चार दिवसांनी काही बिघडत नाही. पण पाणी कमी आणि मैदा जास्त झाला की पोट साफ होत नाही, आणि पोट साफ नसलं की भूकच लागत नाही, मग आपल्याला वाटतं नखरे वाढले. रोज एक-दोन फळं, भरपूर पाणी, सकाळी घाई न करता बाथरूमला वेळ.

हे नुसते नखरे नाहीत, काहीतरी वेगळं आहे असं कधी समजायचं?

मूल मोजून दहा-पंधराच पदार्थ खातं आणि त्यातलेही एकेक सुटत चाललेत, वजन वाढत नाहीये, विशिष्ट स्पर्श किंवा वास आला की उबळ येते, गिळताना घाबरतं, असं असेल तर ट्रिपवरून आल्यावर बालरोगतज्ज्ञांना नक्की दाखवा. खाणं टाळण्याचा एक आजारच आहे, एआरएफआयडी म्हणतात, २०१३ पासून मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात तो वेगळा नोंदलेला आहे. त्यात आईचं काही चुकलेलं नसतं, हे कृपा करून घरातल्यांना सांगा. आणि उपचार होतात.

परतीच्या ट्रेनसाठी काय बांधून घ्यावं?

सकाळी निघत असाल तर पोहे. इंदूरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, मऊ आणि किंचित गोडसर, बडीशेप घातलेले, बरीच मुलं ते खातात. फक्त जीरावन नको म्हणा आणि शेव 'फीकी', म्हणजे बिनतिखट, मागून वेगळ्या पुडीत बांधून घ्या. पोह्यात मिसळून आणली तर स्टेशनवर पोहोचेपर्यंत ती मऊ पडते, आणि मऊ पडलेली शेव कुठलंच पोरगं खात नाही.